थांबवलंय म्हंजे कायतरी हाय

आमच्या सांगलीच्या सोसायटीतल्या बायकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. परवा सकाळी त्यात एक मजकूर आला. कुणा माणसाचं विमान चुकलं, तो चिडला, आणि नंतर कळलं की ते विमान पडलं. खाली लिहिलं होतं, तुम्हाला उशीर होत असेल तर चिडू नका, देव तुम्हाला कशापासून तरी वाचवतो आहे. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी चहा ठेवला होता, तो उतू जाईपर्यंत त्या हातांकडे बघत राहिले. मग लिहिलं, "आणि ज्यांचं विमान चुकलं नाही, त्यांना देवानं कशासाठी वेळेवर पोचवलं?" दुपारी खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "ताई, सकाळी सकाळी एवढं काय लागलं तुम्हाला?" काय लागलं ते जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. इथं सांगते.

आमचं गाव साताऱ्याकडच्या औंधच्या अलीकडचं. दारात उभं राहिलं की यमाईचा डोंगर दिसायचा. जमीन हलकी, त्यामुळं ज्वारी आणि घेवडा एवढंच काय ते पिकायचं, आणि घेवड्याची आमटी आम्ही इतकी खाल्ली की आजही हॉटेलात कुणी राजमा मागवला तर मला नाकात आमच्या चुलीचा धूर येतो. आई पहाटे भाकऱ्या थापायला बसायची. आमच्या घरात मी जागी व्हायचे ती त्या थापण्याच्या आवाजानं, आणि आवाजावरून मला कळायचं आज आई कुठल्या मनःस्थितीत आहे. ती रागात असली की परातीवर हात असा पडायचा की शेजारची कुत्री उठून बसायची. बहुतेक दिवस कुत्री उठून बसलेलीच असायची. त्यानंतर दुसरा आवाज यायचा तो सकाळच्या एसटीचा. गावाबाहेरच्या चढावर गाडी गिअर बदलायची, तेव्हा तिचा सूर आधी खाली जायचा आणि मग एकदम वर. त्या आवाजाला जो घरातून निघायचा त्याला गाडी मिळायची नाही. आम्ही नेहमी त्या आवाजालाच निघायचो, कारण आण्णा त्या आवाजापर्यंत उठतच नसत.

आण्णा म्हणजे माझे वडील. ते लष्करात ड्रायव्हर होते. डोंगराळ मुलखात एका थंडीत त्यांच्या ताफ्यातल्या पुढच्या गाड्या दरड कोसळून दरीत गेल्या. आण्णांची गाडी मागं राहिली होती, टायर बसला म्हणून. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते नोकरी सोडून गावाला आले ते एक वाक्य घेऊन: "थांबवलंय म्हंजे कायतरी हाय." टायर यमाईनं बसवला होता, असं त्यांचं म्हणणं. लेकराला आईनं पदराला धरून मागं ओढावं तसं तिनं त्यांना ओढलं होतं. गावाला ही गोष्ट फार आवडायची. कुणाची सोयरीक मोडली, कुणाचा भरतीचा कॉल हुकला की तो माणूस संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा, आणि आण्णा त्याला तंबाखूची चंची पुढं करून ती गोष्ट पहिल्यापासून सांगायचे. माणूस हलका होऊन घरी जायचा. आतून आई मला म्हणायची, "जा, इचार त्यास्नी, देवीनं आज गिरणी बंद पाडली त्यात काय हाय ते. पीठ तर न्हाई घरात."

आण्णा वाईट नव्हते. त्यांनी आम्हा बहिणींवर कधी हात उचलला नाही, कधी दारू घेतली नाही. वाईट बापावर रागावणं सोपं असतं. आण्णा हसून थांबायचे, आणि त्यांच्या थांबण्याची झळ लागायची ती दुसऱ्यांना. मला पाचवीला रहिमतपूरच्या शाळेत घालायला निघालो होतो, गाडी समोरून गेली, आण्णा म्हणाले, "देवीच्या मनात न्हाई यंदा," आणि माघारी फिरले. ते वर्ष मी शेळ्यांमागं काढलं. पुढच्या वर्षी आई मला चालत घेऊन गेली. ऊन तापायच्या आत पोचायचं म्हणून अंधारात निघालो, आणि शाळेच्या फाटकाशी पदरानं माझं तोंड पुसताना इतक्या जोरानं पुसलं की गाल हुळहुळला. आज वाटतं, माझ्या अंगात जे काही टिकाऊ आहे ते त्या पुसण्यातून आलं असावं.

माझी थोरली बहीण मंगल. ती माझ्यासारखी नव्हती. ती देवभोळी, मवाळ, आण्णांची लाडकी. तिला वाळवा भागात दिली होती, उसाच्या मळ्यातल्या घरात, आणि तिचा नवरा लष्करात होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सातव्या महिन्यात आमच्याकडं आली. ते दोन महिने आमच्या घरातले चांगले दिवस. आई तिच्यासाठी हळिवाचे लाडू करायची, हुलग्याचं माडगं करायची, आणि भाकरीचा आवाज मऊ झाला होता. मंगल दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पोटावर माझा हात धरायची आणि म्हणायची, "बघ, लाथ मारतीय. तुझ्यागत भांडकुदळ हाय." आम्ही दोघींनी ते बाळ मुलगी आहे असं धरूनच टाकलं होतं.

कळा पहाटे सुरू झाल्या. गोदामावशी आली. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. तिनं तपासलं, हात धुतले आणि आईला बाजूला घेऊन म्हणाली, "पाय आलाय म्होरं. ह्ये माझ्या हातचं न्हाई. साताऱ्याला न्या, येळ लावू नका." त्या दिवशी आण्णांना उठवायला मी गेले, आणि त्यांना बंडीही नीट घालू दिली नाही. गाडी आम्हाला मिळाली. मंगलला मागच्या लांब बाकावर निजवलं, आई तिची कंबर धरून खाली बसली. कोरेगावच्या अलीकडं, एक ओढ्यावरचा पूल ओलांडला आणि खालून मोठा आवाज झाला. गाडी एका अंगाला झुकून थांबली. चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. कंडक्टर म्हणाला, मागून दुसरी गाडी येईल, तिच्यात सगळ्यांना बसवतो. लोक उतरून सावलीला पांगले. आण्णाही उतरले.

मंगलला तहान लागली होती. मी तांब्या घेऊन ओढ्याच्या कडेच्या विहिरीवर गेले. परत येताना बघितलं तर कांद्याची पोती भरलेला एक ट्रक आमच्या गाडीशेजारी थांबला होता. तो लोणंदच्या बाजाराला निघाला होता. ड्रायव्हर खिडकीतून वाकून आण्णांशी बोलत होता. मी जवळ आले तेव्हा त्याचं एवढंच ऐकू आलं, "केबिनमधी जागा करतो की. कोरेगावला गेल्यावर साताऱ्याला कायबी मिळंल." आणि आण्णांनी हात हलवून त्याला जायला सांगितलं. म्हणाले, "जावा तुमी. दुसरी गाडी येतीय. देवीनं हितं थांबवलंय म्हंजे कायतरी हाय." ट्रक सुटला. मी ओरडत त्याच्यामागं पळाले, तांब्यातलं पाणी सांडलं, धुरळा तोंडात गेला. परत आले तेव्हा आण्णा लिंबाखाली दगडावर बसले होते, डोळे मिटून, ओठ हलत होते. चेहरा इतका शांत होता की तो मी आजही विसरलेले नाही. मला वाटलं, हातातला तांब्या त्या चेहऱ्यावर मारावा.

"आण्णा, तुमी त्याला का जाऊ दिलं?"

"पोरी, घाई करू नगंस. ती बघतीया सगळं."

"मंगलला बघा. आत जाऊन एकदा तिच्याकडं बघा."

ते उठले नाहीत. दुसरी गाडी आली नाही. गाडीतून मंगलचा आवाज येत होता. आधी किंचाळायची, मग नुसतीच कण्हायला लागली, आणि त्या कण्हण्याची मला जास्त भीती वाटली. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात पसरून उभी राहिले. एक टेम्पो करकचून ब्रेक लावत माझ्यापुढं थांबला. आतून एक दाढीवाले गृहस्थ उतरले, "मरायचंय का गं, पोरी?" म्हणाले. मी म्हणाले, "माझी बहीण मरतीय." ते रहिमतपूरचे इस्माईलभाई, लोखंडी कपाटं बनवणारे. मागं दोन कपाटं बांधलेली होती. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. दोऱ्या सोडल्या, कंडक्टरला हाताशी घेऊन दोन्ही कपाटं रस्त्याच्या कडेला उतरवली, आपलं कांबळं खाली अंथरलं आणि आईला म्हणाले, "आणा, आक्का, लेकीला." साताऱ्यापर्यंत त्यांनी हॉर्नवरचा हात काढला नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जे करता येईल ते सगळं केलं. मंगल वाचली. बाळ गेलं. मुलगीच होती, पूर्ण दिवसांची, डोक्यावर दाट जावळ. बाईंनी आईला एवढंच सांगितलं, "थोडं आधी यायला हवं होतं." त्यांच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. मी पुढं नर्स झाले, आणि सगळ्या नोकरीत हे वाक्य कितीतरी बायकांना सांगितलं, आणि प्रत्येक वेळी मला त्या लिंबाखालचा चेहरा दिसला.

संध्याकाळी मंगल शुद्धीवर आली. आईनं तिला सांगितलं. ती रडली नाही, छताकडं बघत राहिली. आण्णा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ते पुढं आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू वाचलीस, पोरी. तिनं काय न्हेलं, काय राखलं, आपल्याला कळत न्हाई. पर ह्यात कायतरी हाय." मंगलनं डोकं त्यांच्या हाताखालून हळूच काढून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. आयुष्यात पहिल्यांदा ती आण्णांपासून सरकली. ते बघून माझ्या आत जे काही धरून ठेवलेलं होतं ते सुटलं. मी आवाज चढवला नाही. म्हणाले, "आण्णा, रस्त्यावर देवी नव्हती. तुमी होता. ट्रक देवीनं न्हाई घालवला, तुमी घालवला." शेजारच्या खाटांवरच्या बायका बघायला लागल्या. मी आईकडं बघितलं. वाटलं, ती मला गप्प करेल. तिनं माझ्या हातात चहाचा पेला दिला आणि म्हणाली, "पी. सकाळधरनं काय न्हाई पोटात." आण्णा बाहेर निघून गेले.

घरी आल्यावर लोक भेटायला यायचे. "मुलगीच व्हती, हुईल दुसरं," असं एक बाई म्हणाली, तिला मी दारातूनच परत धाडली. ओट्यावर कुणी आण्णांच्या गोष्टीसाठी येऊन बसलं तर आण्णा उठून गोठ्यात जायचे. नेमाचा मंगळवार आला तरी ते डोंगरावर देवीला गेले नाहीत. जेवायला बसायचे, आमटीत भाकरी कुस्करायचे आणि तशीच ठेवून उठायचे. आई ताट उचलायची. तिनं आयुष्यभर त्यांच्यावर तोंड टाकलं होतं, आता बोलायला खरोखरचं कारण मिळालं तर तिला शब्द सुचेना.

एका दुपारी मी गोठ्यात शेण काढत होते. आण्णा गव्हाणीवर बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "टायर बदलायला लय येळ लागत न्हाई, शैले." मी हात थांबवला नाही. ते बोलत राहिले. "बाकीच्यांनी मला म्हटलं, ये मागनं. मी टायर बदलला आन् स्टोव्ह पेटवून च्या केला. बोटं गारठली हुती. म्हटलं, च्या पिऊन जाऊ. दुसरा पेलाबी पेलो. म्होरच्या गाडीत माझा दोस्त हुता, करमाळ्याचा. त्येला म्हटलं हुतं, लगीच आलोच. तवा देवीनं थांबवलं न्हाई म्हटलं, तर मग कुणी थांबवलं? आळसानं? च्यानं? त्यो मेला आन् मी च्यासाठनं जगलो, असं म्हणू का मी? कसं म्हणू?"

मला ते कळलं. सतरा वर्षांची होते तरी पुरतं कळलं. ह्या माणसानं इतकी वर्षं देवीला पुढं करून स्वतःला उभं ठेवलं होतं, आणि देवी बाजूला घेतली तर तो कोसळेल, हे मला त्या शेणाच्या पाटीवर वाकलेली असताना दिसलं. पण राग गेला नाही. लोक म्हणतात, समजलं की राग जातो. माझा गेला नाही. मी म्हणाले, "तुमच्या च्याचं मंगलच्या लेकीनं का भरायचं, आण्णा?" त्यांनी मान हलवली, जणू हाच प्रश्न ते स्वतःला विचारत होते.

लष्करातून आल्यापासून आण्णांनी स्टीअरिंगला हात लावला नव्हता. गावात कुणाचा ट्रॅक्टर अडला तरी ते लांब उभे राहायचे. त्या वर्षी सुगी झाल्यावर त्यांनी ओढ्याकडचा तुकडा विकला आणि एक जुनी जीप आणली. गावाला वाटलं, म्हातारपणी हौस आली. पहिल्या दिवशी ती चालवत आणताना त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. ती जीप दारात तोंड रस्त्याकडं करून उभी असायची. पंचक्रोशीत कुणाला कळा लागल्या, कुणाला साप चावला, कुणाच्या पोराला आकडी आली की लोक आण्णांकडं पळत यायचे. हातातला घास टाकून ते उठायचे. जो माणूस एसटीच्या आवाजापर्यंत अंथरुणात असायचा, तो आता हाक पुरी होण्याआधी चावी घेऊन दारात असायचा. आई म्हणायची, "घास तरी गिळा." ते म्हणायचे, "झाकून ठेव." किती बायका त्या गाडीतून वेळेवर साताऱ्याला पोचल्या ते आम्ही कुणी मोजलं नाही. मला नर्सिंगला सांगलीला सोडलं तेही त्याच जीपमधून. कॉलेजचं फाटक उघडायच्या कितीतरी आधी आम्ही पोचलो होतो. दोघं बाहेर गाडीत बसून राहिलो आणि आईनं दिलेल्या दशम्या खाल्ल्या. तो आमच्यातला सगळ्यात बरा वेळ असावा.

आणि मग ते सुरू झालं. ज्याची सून वाचली, ज्याचं पोर वाचलं, तो म्हणायला लागला, "बघा, देवीची करणी. मंगलचं बाळ न्हेलं म्हणून आण्णांनी जीप घेतली. तिला आधीच ठावं हुतं." लोक हे कौतुकानं म्हणायचे, डोळे भरून म्हणायचे. ते ऐकलं की माझ्या कानशिलात ठोके पडायचे. एका पोरीला मारून चार पोरांची सोय करणारी कसली ही देवी? तुमच्या पोरांसाठी आमचीच का? आण्णा हे बोलणं ऐकून घेत नसत, गाडी पुसायला निघून जात. मंगल माहेरी आलेली असली तर खाली बघून गहू निवडत बसायची. तिला पुढं दोन मुलगे झाले. पहिलीचं नाव तिनं कधी काढलं नाही. तिला नाव ठेवलेलंच नव्हतं.

आण्णा गेल्या वर्षी गेले. शेवटची दोन वर्षं माझ्याकडं सांगलीत होते. तेरावं गावात केलं. अंगणात मांडव, सगळी पंचक्रोशी आलेली. त्या जीपमधून साताऱ्याला पोचलेल्या बायका आता स्वतः आज्ज्या झालेल्या, त्या पुढं बसल्या होत्या. जेवणाआधी प्रवचन होतं. महाराज तरुण होते, आवाज गोड. त्यांना कुणीतरी सगळी हकीकत पुरवली असावी. ते म्हणाले, "माउलींनो, त्या दिवशी गाडीचा पाटा तुटला नसता, तर ते बाळ गेलं नसतं. बाळ गेलं नसतं तर ही सेवा घडली नसती. उशीर कुणी केला? तिनं केला. आपल्याला उशीर दिसतो, तिला सगळं दिसतं." मांडवातल्या बायकांनी हात जोडले. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात माझ्या शेजारची मंगल उठली.

ती आता सत्तरीला टेकलेली आहे, गुडघे धरलेत, उठताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला. भर मांडवात ती याआधी कधी बोललेली नव्हती.

"म्हाराज," ती म्हणाली, "ते पोर माझं हुतं."

पुढच्या बायकांनी जोडलेले हात खाली घेतले.

"ते जीपसाठी न्हाई गेलं. पोचायला उशीर झाला म्हणून गेलं. आन् जीप आमच्या आण्णांनी आणली. त्येंच्या मनाला खात हुतं, म्हणून आणली. त्येंचं ते त्येंच्याकडं राहू द्या."

महाराज जरा गोंधळले. मऊपणे म्हणाले, "आजी, दुःख मोठं आहे. पण अशा वेळी श्रद्धा सोडू नये."

"सोडली न्हाई," मंगल म्हणाली. "आजबी मंगळवारी डोंगराकडं तोंड करून हात जोडती मी, वाळव्यातनं. म्हणूनच सांगतीय. ती असलं करायची न्हाई. तिच्यावर घालू नगा."

मग तिनं पदर कमरेला खोचला, बायकांमधून वाट काढत आत गेली आणि आचाऱ्याला म्हणाली, पंगत मांडा, माणसं कवाधरनं उपाशी बसल्यात.